फोटोआधीची यादी : तंजावूरच्या लग्नघरातून

तंजावूरच्या या मालिकेत आपण किल्ला पाहिला, सरस्वती महाल पाहिला, सरफोजी राजांवर तर दोन भाग बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. लग्नात दागिने, पत्रिका, शालू, अंगठ्या अशा वस्तूंचे जवळून फोटो काढतात, फोटोवाले त्याला ‘डिटेल शॉट’ म्हणतात. त्या फोटोंची तयारी हा आजचा विषय. इतिहास सांगता सांगता कर्नलसाहेब लग्नाच्या अल्बममध्ये कुठे शिरले, असं वाटेल. पण तंजावूर हे असं गाव आहे की तिथे दागिन्यांची यादी दगडावर कोरलेली आहे, आणि त्या दगडाचे फोटो काढायला एक फौजी अधिकारीच आला होता. त्यामुळे मला या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे.

निमित्त असं झालं. माझ्या पुतणीचं लग्न तंजावूरच्या एका मराठी घरात ठरलं. मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथली. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि तीही अशी की दोन-चार शब्द ऐकून आपल्याला आपली पणजी आठवावी. ‘लग्न’ या अर्थी ‘कल्याण’ हा शब्द त्या मुलखात सर्रास. आपल्याकडच्या लोकांना ‘कल्याण मंडपम’ची पाटी पाहून गंमत वाटते, पण व्यंकोजी राजांचे चिरंजीव शहाजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावुरात जे मराठी नाटक लिहिलं, त्याचं नावच ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ आहे. म्हणजे लक्ष्मी-नारायणाचं लग्न. शब्द दक्षिणेचा अर्थ घेऊन आपल्या नाटकाच्या नावात तेव्हाच येऊन बसला होता.

तर तिथल्या फोटोवाल्याने मोबाइलवर एक यादी पाठवली. आदल्या दिवशी दुपारी या वस्तू एका खोलीत तयार ठेवा : पत्रिकेच्या दोन कोऱ्या प्रती, अंगठ्या, मंगळसूत्र, नथ, बांगड्या, जोडवी, शालू, वराचा फेटा, मुंडावळ्या, चपला, अत्तराची कुपी, आजीची काही जुनी वस्तू असल्यास ती. वहिनी वैतागल्या. म्हणाल्या, “भाऊजी, लग्न माणसांचं की वस्तूंचं?”

मला मात्र यादी वाचून फौजेतलं ‘किट ले-आउट’ आठवलं. नव्या जवानाला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. चारपाईवर ब्लँकेट ताठ अंथरायचं आणि त्यावर मग, मेस टिन, बूट, ब्रश, मोजे, सुईदोऱ्याची पिशवी, जिला फौजेत ‘हाउसवाइफ’ म्हणतात, सगळं ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने मांडायचं. इन्स्पेक्शन करणारा अधिकारी चालत चालत बघतो आणि काय नाही ते त्याला एका नजरेत कळतं. मांडणी सुंदर दिसते हा वरचा फायदा. मूळ हेतू मोजणीचा. फोटोवाल्याची यादी मला तशीच वाटली, फक्त त्या बिचाऱ्याला मोजणीशी कर्तव्य नव्हतं.

आणि आपल्या लग्नाला ही मोजणी परकी नाही. आपल्याकडे लग्न ठरतंच मुळी ‘याद्या’ करून. दोन्हीकडची वडील मंडळी बसायची, कागदाला हळदकुंकू लावायचं, कोणी काय करायचं, काय घालायचं ते लिहायचं आणि कागदांची अदलाबदल करायची. ‘यादी पे शादी’ ही थट्टा त्यातूनच आली. या याद्यांमध्ये हुंड्याची घाण शिरली ती निराळी, आणि ती कुणी प्रथेच्या नावाखाली झाकू नये. पण लिहून ठेवणं ही मूळ गोष्ट चांगली होती. तसंच रुखवत. टेबलावर पांढरी चादर घालून वस्तू मांडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघायच्या. आजचा डिटेल शॉट म्हणजे कॅमेऱ्यासाठी मांडलेलं रुखवतच.

आता मोठ्या देवळात चला. राजराज चोळाचं बृहदीश्वर, इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेलं. पर्यटक शिखराकडे बघत मान मोडून घेतात. तुम्ही खाली बघा. विमानाच्या जोत्यावर ओळीमागून ओळ तमिळ अक्षरं आहेत. त्यात राजाची आज्ञा आहे : आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं या विमानावर दगडात कोरा. थोरली बहीण म्हणजे कुंदवै. लक्षात घ्या, चार खाती वेगळी आहेत. राजाने बहिणीचं दान आपल्या नावात मिसळलेलं नाही. हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईने काय दिलं, हे तिच्या स्वतःच्या नावावर आजही वाचता येतं.

आणि लिहिलंय कसं? माझं अर्धं आयुष्य स्टोअर लेजर तपासण्यात गेलं, पण असं लेजर मी पाहिलं नाही. सोन्याचं वजन ‘आडवल्लान’ नावाच्या वजनाने केलं, रत्नांचं ‘दक्षिणमेरुविटंकन’ नावाच्या वजनाने, हे आधीच सांगितलेलं. म्हणजे काटा कुठला, यावर पुढे वाद नको. मापं कळंजु, मंजाडि आणि कुन्रि. यातली कुन्रि म्हणजे आपली गुंज, तीच लाल दाण्याची, काळ्या टिकलीची. आपल्या सोनारांचा तोळा शहाण्णव गुंजांचा, तिकडचा हिशेबही त्याच वेलीवरच्या बियांवर येऊन टेकतो. दागिन्याचं वजन देताना त्यातली लाख आणि दोरा धरून दिलंय का, तेही नमूद. मोती किती, त्यात गोल किती, गोलसर किती, घासलेले किती, जुळे किती. हिऱ्यांचा तर दोषांसकट हिशेब : डाग असलेले, तडा गेलेले, लाल ठिपक्याचे, काळ्या ठिपक्याचे, जळल्यासारखी खूण असलेले.

या दोषांच्या नोंदीवर मी बराच वेळ थांबलो होतो. देवाला दिलेल्या हिऱ्याला तडा आहे असं देवाच्याच भिंतीवर कोण लिहील? ज्याला वस्तू ओळखता यायला हवी आहे, तोच लिहील. निर्दोष हिरा कुठल्याही निर्दोष हिऱ्यासारखा दिसतो. तडा गेलेला मात्र तोच एक. उद्या कुणी बदलला तर पकडता येतो. मूर्तींचंही तसंच. कुठल्या मूर्तीची उंची किती, हात किती, कुणी बसवली, हे मापासकट कोरलेलं. यातली बरीचशी सोन्याची वस्तू आज नाही. यादी आहे.

याच्या उलट बाजू पाहायची तर राजवाड्यात जावं लागतं. तिथल्या कलादालनात, ते १९५१ मध्ये सुरू झालं, तिरुवेंकाडूची कल्याणसुंदर ब्राँझ मूर्ती आहे. शिव-पार्वतीचं लग्न. शिवाने पार्वतीचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घेतलाय, तिची मान किंचित खाली. एवढंच. फोटोवाले हल्ली ‘हातांचा एक क्लोजअप’ मागतात ना, तो अकराव्या शतकात ओतून ठेवलाय. मी वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजात असताना सुट्टीत पहिल्यांदा तंजावूरला आलो, तेव्हा तोफा बघायला म्हणून निघालो आणि या मूर्तीपुढे थांबलो. तिथे मोजणी नाही, नुसतं बघणं आहे. दोन्ही लागतं.

मधल्या काळात मराठ्यांच्या दरबारात तंजावूर चित्रकला बहरली. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर कापड, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप, तो उठावदार करून खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख. चित्रातला दागिना बोटाला लागतो. पण तो देवाचा दागिना, नमुन्याचा दागिना. अमक्या बाईची अमकी नथ त्यात सापडत नाही. ती सापडायची तर मोडी कागदांत. तंजावूरच्या मोडी दफ्तरात राजवाड्याच्या रोजच्या खर्चाचे, दानधर्माचे, समारंभांचे ढीगभर कागद आहेत. मराठे लिहिण्यात कमी नव्हते. सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा अख्खा इतिहास याच मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवला, त्यावर आपण स्वतंत्र भाग केलाच आहे.

आणि तरीही त्यांच्याच घरातल्या बायकांवर काय वेळ आली, ते ऐका.

सरफोजींचे चिरंजीव शिवाजी राजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. मुलगा नव्हता. मागे बऱ्याच राण्या, त्यांत कामाक्षीबाई थोरल्या. कंपनीने वारस नाही म्हणून राज्य संपलं असं ठरवलं. राज्य म्हणजे तसं काय उरलं होतं? १७९९ च्या तहानंतर किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग. पण १८ ऑक्टोबर १८५६ रोजी कंपनीचे कमिशनर फोर्ब्स शिपाई घेऊन राजवाड्यात आले आणि सगळं ताब्यात घेतलं, सीलं ठोकली. राज्याचं काय आणि घराचं काय, असा भेद केला नाही. जडजवाहीर, खासगी जमिनी, घरातल्या वस्तू, सगळं एका कुलपात. दोनच वर्षांपूर्वी नागपूर खालसा झालं होतं, आणि तिथल्या भोसल्यांचे दागिने कलकत्त्यात लिलावात निघाले होते. तंजावूरच्या राण्यांना ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. वकील जॉन ब्रूस नॉर्टन. म्हणणं सरळ होतं : राज्य घ्या किंवा घेऊ नका, पण पतीची खासगी मालमत्ता ही माझी वारसा आहे. मद्रासला निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकार प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेलं आणि १८५९ मध्ये निकाल उलटला. कारण असं दिलं की, हे कृत्य म्हणजे ‘अ‍ॅक्ट ऑफ स्टेट’, एका सत्तेने दुसऱ्या सत्तेविरुद्ध केलेली राजकीय कारवाई. त्यात इथल्या कोर्टाला हात घालता येत नाही. मालमत्ता कुणाची या प्रश्नाचं उत्तर देण्याची वेळच आली नाही. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. मला मात्र त्यात ती सीलं ठोकलेली दारं दिसतात. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता सोडली. व्यवस्था थोरल्या राणीकडे, इतर राण्यांना त्यात वाटा. मग त्यावरूनही राण्या-राण्यांत खटला झाला, १८६८ मध्ये मद्रास हायकोर्टाने तो ऐकला.

म्हणजे मंडळी, यादी असून सगळं वाचतं असं नाही. शिपाई दारात आले की कागद काय करणार? पण सहा वर्षांनी दार उघडलं, तेव्हा आत कुणाचं काय, हे सांगायला कागदच लागतो. बापाने दिलेलं, नवऱ्याने दिलेलं, दौलतीचं, हे वेगळं लिहिलेलं असलं तर बाईला बोलता येतं. कुंदवैच्या दानाचं वेगळं खातं आठवा.

आता तो फौजी अधिकारी. कॅप्टन लिनियस ट्राइप, मद्रास आर्मीचा. १८५६ मध्ये मद्रास सरकारने त्याला सरकारी फोटोग्राफर नेमलं. १८५७ च्या डिसेंबरात, उत्तरेत बंड पेटलेलं असताना, हा गृहस्थ कॅमेरा आणि रसायनं घेऊन दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला आणि १८५८ मध्ये तंजावूरला पोचला. त्याने देऊळ टिपलं, नंदी टिपला, आणि मग एक काम केलं ज्याची मला भारी कौतुकमिश्रित गंमत वाटते. विमानाच्या जोत्यावरचे लेख त्याने तुकड्या-तुकड्याने टिपले. कॅमेरा थोडा पुढे सरकवायचा, भिंतीपासूनचं अंतर तेच ठेवायचं, पुढचा तुकडा. असे एकवीस छापे जोडून सुमारे एकोणीस फुटांची एक पट्टी तयार केली. जगातल्या पहिल्या काही डिटेल शॉटमध्ये तिची गणना व्हायला हवी असं माझं मत. बाकीच्यांनी देवळाचं शिखर टिपलं असतं, याने यादी टिपली. पुढच्याच वर्षी गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी ही चैन परवडत नाही म्हणून खातं गुंडाळायला घेतलं. बजेट कापणाऱ्यांची जात सगळ्या शतकांत सारखीच.

कल्पना करा, त्याच वेळी अर्ध्या कोसावर राजवाड्यातल्या वस्तू कंपनीच्या ताब्यात होत्या आणि राणीचा दावा चालू होता. आठशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या दागिन्यांची यादी फोटोत येत होती. हयात बाईच्या दागिन्यांचा फोटो कुणी काढला नाही.

आता तुम्ही म्हणाल, आज कुठे कंपनी आहे? कंपनी नाही, पण प्रश्न आहे. लग्न मोडतं, कुणी अकाली जातं, आणि मग बाईचं स्त्रीधन कुठलं, यावरून बोलाचाली सुरू होते. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये प्रतिभा राणीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की स्त्रीधनावर मालकी पूर्णपणे पत्नीची. सासरी ठेवलं तरी ते ठेव म्हणून, मालक बदलत नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून हुंडाबंदी कायद्याखाली भेटवस्तूंच्या याद्यांचे नियम लागू झाले. हे नियम किती जणांना माहीत आहेत? मी आमच्या सोसायटीत विचारलं, दोन वकील सोडून कुणालाच नाही. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची. वधूला मिळालेल्यांची वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि नातं असल्यास कोणतं नातं. खाली वधू-वर दोघांच्या सह्या. वाचताना मला राजराजाची चार खातीच आठवली. फक्त दगडाच्या जागी कागद.

हे घरात सांगितलं तेव्हा वहिनींचा चेहरा उतरला. “लग्नाआधीच पंचनामा? तिकडची माणसं काय म्हणतील?” मी म्हटलं, वहिनी, फौजेत रायफल हातात देताना सही घेतात. तो अविश्वास नसतो, रायफल कुणाची हे दोघांनाही माहीत असावं एवढंच. त्यांना पटलं नाही. पटवलं ते तंजावूरच्या सासूबाईंनी. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझ्या आजेसासूबाईंचा वज्रटीक कुणाकडे गेला, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत, तेव्हा लिहून ठेवा आणि फोटोही काढा.

तर तयारी कशी करायची, तेवढं सांगतो. तंजावूरकडचे मुहूर्त बहुधा पहाटेचे. तेव्हा उजेड नसतो आणि घरात कुणाला शुद्ध नसते. म्हणून वस्तूंचे फोटो आदल्या दिवशी, दुपारी. खोली अशी निवडा की एका बाजूला मोठी खिडकी असेल. ट्यूबलाइट बंद, नाहीतर सोनं हिरवट दिसतं. पडदा पातळ पांढरा, म्हणजे ऊन थेट पडणार नाही. दागिने आदल्या रात्री मऊ सुती कापडाने पुसून ठेवा. किमतीच्या चिठ्ठ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या काढा. शालू लाकडी हँगरवर. पत्रिकेच्या कोऱ्या प्रती सुरुवातीलाच बाजूला काढा, शेवटी सापडतात त्या हळदीची बोटं लागलेल्या. मंगळसूत्र कुणाच्या ताब्यात आहे ते आधी ठरवा. तिकडे ते नारळावर ठेवून ताटातून सगळ्यांच्या आशीर्वादासाठी फिरवतात, त्या गर्दीत फोटोवाल्याने मागायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. खोलीत एक माणूस वही घेऊन बसवा. फोटोवाला सुंदर फोटो काढेल, फुलं पसरेल, मागे बनारसी कापड टाकेल, काढू दे. ते झालं की प्रत्येक वस्तूचा एक साधा फोटो घ्यायला लावा : पांढऱ्या कापडावर, वरून, शेजारी मोजपट्टी. मग वहीत त्याच क्रमांकाने नोंद. आमच्या वहीतली एक सांगतो. नथ, सोन्याची, सात मोती, त्यातला मधला पिवळसर, फाशाला डाक दिलेला, वधूच्या आईच्या आजीची, आईकडून वधूला. पिवळसर मोती आणि डाक लिहायला पुतणी लाजत होती. मी तिला मोठ्या देवळातल्या तडा गेलेल्या हिऱ्याची गोष्ट सांगितली. “काका, मग माझी नथ देवळात बसायला हरकत नाही,” म्हणाली आणि लिहिलं.

सोनाराच्या पावत्या असतील तर त्यांचेही फोटो घ्या, कारण त्या कागदावरची शाई काही वर्षांत उडते. दुसऱ्या बाजूने आलेल्या वस्तू त्यांच्या समोर, त्यांच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे लिहा. आपण अंदाजाने लिहायचं नाही. सगळ्याच्या दोन छापील प्रती काढा. सह्या लग्नानंतर निवांत, दोघांनी एकत्र बसून. आमच्याकडे त्या सोळाव्या दिवशी झाल्या, तंजावुरात, जेवण आटोपल्यावर. एक प्रत मुलीच्या कपाटात गेली, दुसरी जावईबापूंनी त्यांच्या कागदांत ठेवली.

पुढच्या भागात ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र. नमस्कार.